ढोलाच्या रांगेतली जागा

श्रावण अर्धा सरला की आमच्या घरामागच्या मैदानात ढोलांचा सराव सुरू होतो. पूर्वी तिथे कापसाचं जिनिंग होतं. आता नुसती पत्र्याची शेड उभी आहे आणि पावसानं माजलेलं गवत. संध्याकाळी पोरंपोरी जमतात, ढोल कमरेला बांधतात, कुणीतरी शिट्टी मारतं आणि पहिला ठोका पडतो. आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिणतात. भिंतीला टेकून बसलं तर आवाज पाठीतून वर चढतो. खामगावात या दिवसांत हवा ओली असते, शेतात कपाशीला फुलाआधीची पाती धरलेली असते, बाजारातून येताना साडीचा काठ चिखलानं जड होतो, आणि त्या सगळ्यावर हा आवाज पसरतो. गल्लीतले लोक म्हणतात, गणपती जवळ आले बरं. त्यांच्या तोंडावर आनंद असतो. तो असायलाच हवा.

मला मात्र राग येतो. पाच वर्षं झाली, दर श्रावणात येतो आणि जराही कमी झालेला नाही. "झालं गेलं सोडा ना ताई," असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यातल्या एकानंही 'काय झालं होतं' असं विचारलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

माझी मुलगी समीक्षा जन्मापासून बहिरी आहे. मी सरळ बहिरी म्हणते. लोक दिव्यांग म्हणतात, विशेष म्हणतात, देवाघरचं फूल म्हणतात, आणि तिच्या समोरच तिच्याबद्दल बोलतात. "बापा, किती गोड लेकरू, अन् पाहा नशीब!" हे वाक्य मी लग्नांत, बारशांत, दवाखान्याच्या बाकावर इतक्यांदा ऐकलंय की ते कुठल्या सुरात संपेल हे मला आधीच कळतं. समीक्षा त्या वेळी बोलणारीच्या ओठांकडे बघत असते. तिला ओठ वाचता येतात. हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे. खामगाव-मेहकर ही माझी नेहमीची गाडी. दिवसभर माझ्या कानांवर इंजिनाची घरघर, काचांची खडखड, 'जानेफळ दोन द्या', 'बाई, सुट्टे नाहीत', बेलचं टणटण. घरी आले की कान बधिर झालेले असायचे, आणि मी मनातल्या मनात म्हणायचे की माझ्या लेकीला निदान हा त्रास तरी नाही. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. तिच्या जगात काय आहे हे न बघताच मी तिथे शांतता आहे असं ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी ती तेरा वर्षांची होती. आखाडातली गोष्ट. आम्ही दोघी बाजारातून भाजी घेऊन येत होतो. जुन्या कापूस बाजाराच्या मागच्या बोळात नत्थूमामांचं वाद्यं मढवायचं दुकान आहे. ढोलकी, ताशा, डफ, संबळ, ज्याचं कातडं फाटलं, सैल पडलं, ते सगळं या बोळात येतं. दुकान म्हणजे एक पायरी, एक लाकडी फळी आणि छतापासून टांगलेली वाद्यं. ओल्या कातड्याचा आणि सुतळीचा वास. तिथून जाताना समीक्षानं माझा हात सोडला. मी चार पावलं पुढे गेल्यावर वळून पाहिलं, तर ती पायरीवर ठेवलेल्या एका मोठ्या ढोलाच्या पानावर तळवा ठेवून उभी. पान म्हणजे ढोलाचं कातडं. मामा त्याला पानच म्हणतात. आत मामा दुसऱ्या बाजूनं टिचक्या मारून ताण बघत होते.

मी धावत गेले आणि तिचा हात ओढला. "माफ करा मामा, तिले ऐकू येत नाही," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. जसं काही बहिऱ्या पोरीनं ढोलाला हात लावणं हा गुन्हाच.

मामांनी मान वर केली. वाळलेल्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, साठीच्या पुढचे. "ऐकू येत नाही?" ते म्हणाले. "मंग हात काऊन ठेवला तिनं?"

मी तिचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"सोड तिचा हात," मामा म्हणाले. मी सोडला. तिनं तळवा परत पानावर ठेवला. मामांनी पलीकडच्या बाजूला एक थाप मारली, हलकीच, पण पूर्ण हाताची. समीक्षाचे डोळे मोठे झाले आणि मग मिटले. कुणी कानात गुपित सांगितलं की माणूस जसा मान कलती करतो तशी तिनं मान कलती केली. तेरा वर्षांत मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळा सुटली की मामांकडे जायला लागली. मी आधी नको म्हटलं, मग एक दिवस, मग रोज. मामांना हातांच्या खुणांची भाषा येत नव्हती, आणि ती शिकायची त्यांना घाईही दिसली नाही. ते तिचे हात धरायचे आणि पानावर ठेवायचे. आधी नुसतं ठेवणं. काठाशी, मग मधोमध, मग काठ आणि मध यांच्या मध्ये. कुठे पान ताठ, कुठे ओलं, कुठे आतली हवा हाताला ढकलते. आठ दिवस तिला वाजवू दिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वाजवनारे गल्लीगल्लीत हाय बाई. कान देनारं कोनी नाही. पह्यले ते होऊ दे."

एकदा माझी सुट्टी होती. मीही जाऊन बसले. मामांनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "डोळे मीट. मी एक थाप मारतो. आवाज सरला का हात वर कर." समीक्षाचा तळवा पानावर होता. त्यांनी थाप मारली. तो भरदार आवाज बोळात गेला, भिंतीला लागून परत आला, बारीक होत गेला. मी हात वर केला आणि डोळे उघडले. समीक्षा डोळे मिटून तशीच. हात वर नाही. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. बराच वेळ गेला. बोळातून एक सायकल गेली. मग कुठे तिनं दुसरा हात हळूच वर केला.

"आता सरला," मामा म्हणाले. "तू घाईनं ऐकते बाई. उतारू उतरायच्या आधी बेल मारल्यावानी."

मी हसले, पण ते मला लागलं. त्यानंतर मी नेट लावला. ते सांगायचे, थाप पडली की लगेच पुढची मारायची नाही, तिच्या मागे मागे जायचं, ती कुठे जाते बघायचं. पंधरा-वीस दिवसांनी मला पहिल्यांदा कळलं की आवाज संपत आला की त्यात एक बारीक थरथर उरते, पाण्यात खडा टाकल्यावर काठाशी शेवटची लाट येते तेवढी. ती गेली की मग खरी शांतता. त्या शांततेत मला बाजूच्या दुकानातला वजनकाटा, कुणाच्या तरी चपला, माझा स्वतःचा श्वास, सगळं वेगवेगळं ऐकू आलं. मी चाळिशीला आलेली बाई, कान धडधाकट, आणि ऐकायला शिकत होते माझ्या बहिऱ्या लेकीच्या शेजारी बसून.

वाजवायला लागली तेव्हा ती सरळ ढोलच वाजवायला लागली. मामा म्हणायचे, "मारू नको. त्याले इचार. जबाब आला का मंग पुढचा ठोका." हे त्यांनी तिला कसं समजावलं मला ठाऊक नाही. पण ती तशीच वाजवायची. ठोका, मग पोटाशी धरलेल्या ढोलाकडे लक्ष, मग ठोका. ढोल तिला छातीत, पोटात, पायाखालच्या फरशीतून कळायचा. पावसानं पान सैल पडलं की ती नाक मुरडायची आणि दोरी ओढायला घ्यायची.

तेव्हाच आमच्या गल्लीतल्या मंडळाचं ढोलपथक सराव करत होतं. पथक शिकवणारी पूजा ही कॉलेजात शिकणारी पोरगी, कडक, शिट्टी गळ्यात. तिनं समीक्षाला दुकानात वाजवताना पाहिलं आणि स्वतः आमच्या घरी आली. "मावशी, द्या न हिले पथकात. दुसऱ्या रांगेत कडेले उभी करते. तथून माहा हात दिसते तिले, अन् बाजूले सगळ्यात मोठा ढोल राह्यते, त्याचा धक्का पायाले लागते." मी म्हटलं, चुकली तर? ती म्हणाली, "चुकली तं बोलीन. बाकीच्यायले बोलत नाही का?"

चार दिवस तिनं समीक्षावर नजर ठेवली. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "मावशी, बाकीच्यायले सांगा लागते. हिले नाही."

महिनाभर माझी लेक त्या गवताच्या मैदानात साठ ढोलांच्या रांगेत उभी राहिली. तिच्या कमरेला दोरीचे वळ उठले. तळहाताला घट्टे पडले आणि ते ती शाळेतल्या मैत्रिणींना दाखवायची. सराव सुरू व्हायच्या आधी ती रांगेतून फिरायची, एकेका ढोलावर तळवा ठेवायची आणि एखाद्यापाशी थांबून बोटानं खूण करायची, हा सैल आहे. पोरं आधी हसली. मग तपासून पाहायला लागली. मग तिची वाट बघायला लागली. एकदा शेजारच्या मंडळानं डीजेची गाडी तपासायला रस्त्यावर आणली. खिडक्या हादरल्या. सगळी पोरं नाचायला लागली. समीक्षा छातीवर हात ठेवून माझ्याकडे आली आणि खुणेनं म्हणाली, हे बोलत नाहीये, मारतंय. एवढ्या गर्दीत तो आवाज नकोसा झालेली ती एकटीच.

विसर्जनाच्या चार दिवस आधी, रविवारी सकाळी, बंडूभाऊ आमच्याकडे आले. हे मंडळाचे अध्यक्ष. हार्डवेअरचं दुकान, हसतमुख, अडल्यानडल्याला धावणारे. माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट माणसाचा राग लवकर उतरतो. त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स.

"ताई, तोंड गोड करा. समीक्षाचा सत्कार ठेवला आपन. विसर्जनाले मोठे पाहुणे येऊन राह्यले. त्यायच्या हातानं शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह."

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"कशाबद्दल काय ताई? ऐकू येत नाही तरी पोरगी ढोल वाजवते! लहान गोष्ट हाय का?"

"बरं. मंग ती वाजवन कधी? सत्काराच्या आधी का मंग?"

बंडूभाऊंनी मान खाजवली. "आता पाहा ताई. मिरवणूक म्हनजे गर्दी. मागून ट्रक येते, गाड्या येते. तिले हॉर्न ऐकू येत नाही. काही झालं तं जिम्मेदारी कोनाची? अन् पाहुणे समोर उभे. एखादा ठोका चुकला तं साऱ्या पथकाचं हासं होईन."

"आजलोक चुकला का तिचा?"

"आजलोक नाही. पन..."

त्या 'पन'च्या पुढे काही नव्हतं. मी वाट पाहिली. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे सरकवला. साठ ढोल वाजत असताना हॉर्न कुणाला ऐकू येतो, हा प्रश्न मला सुचला तो दुसऱ्या दिवशी, जानेफळच्या स्टँडवर, गाडी सुटताना. त्या रविवारी मी गप्प बसले. समीक्षाचे बाबा, दिलीप, तेलगिरणीत फिटर आहेत, ते म्हणाले, "घे बाई. मान तं भेटून राह्यला. इतके दिवस कोन इचारत होतं?" मलाही वाटलं, खरंच, कोण विचारत होतं?

बंडूभाऊ गेल्यावर बाहेरून आलेल्या समीक्षानं बॉक्सकडे बोट करून विचारलं, काय? मी तिला सांगितलं, तुझा सत्कार आहे. स्टेजवर. शाल देणार. ती हसली आणि हातांनी ढोल वाजवल्याची खूण करून भुवया उंचावल्या. आणि मग?

मी मान डोलावली. मग वाजवायचं.

मी खोटं बोलले. त्या दिवशी काहीतरी जमवू, ऐन वेळी बंडूभाऊ विरघळतील, पूजा काहीतरी करेल, असं मी मनाशी म्हटलं. पण खरं कारण एवढंच की तिचा हसरा चेहरा मला विझवायचा नव्हता. तो दुसऱ्या कुणी विझवावा, मी नको, असा तो भेकड हिशोब होता.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी चौकात स्टेज. पांढरा कुर्ता, भगवा फेटा, कमरेला ढोलाची दोरी आधीच आवळलेली, अशी समीक्षा स्टेजवर चढली. माईकवरचा माणूस म्हणाला, "निसर्गानं जिच्यावर अन्याय केला, पण जिनं हार मानली नाही..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे पुढे झाले, शाल घातली, आणि तिच्या कानाशी वाकून जोरात ओरडले, "शाब्बास बेटा!" मला आजही तो वाकलेला माणूस आठवला की मुठी वळतात. दोन्ही बाजूंनी मोबाइल वर झाले. तिला म्हणाले इकडे बघ, तिकडे बघ. ती बघत होती खाली, पूजाच्या रांगेकडे.

स्टेजवरून ती पळतच उतरली. दुसऱ्या रांगेच्या कडेला, तिच्या जागी, तिचा ढोल कमरेला बांधून बंडूभाऊंची पुतणी उभी होती. सरावाला पाच-सहा वेळा आलेली. समीक्षाला वाटलं चूक झाली. तिनं त्या मुलीच्या खांद्याला हळूच हात लावला, हसली, ढोलाकडे बोट केलं. मुलीनं बंडूभाऊंकडे पाहिलं. बंडूभाऊंनी दोन्ही हातांनी समीक्षाला खूण केली: बस, इकडे बस. स्टेजजवळ एक खुर्ची ठेवली होती, लाल कापड टाकलेली.

पूजाच्या तोंडात शिट्टी होती. तिला सकाळीच सांगितलेलं होतं, हे नंतर कळलं. ती जमिनीकडे पाहत होती.

मग समीक्षानं गर्दीत मला शोधलं. आमच्या दोघींच्या मध्ये वीस हात अंतर असेल. तिनं हात उचलले. तुला माहीत होतं?

मी नाही म्हणू शकले असते. त्या क्षणी तेवढं तरी खरं बोलायचं धैर्य मला आलं. हो.

तिनं शाल काढली, तिची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि गर्दीच्या उलट दिशेनं निघून गेली. शिट्टी वाजली. साठ ढोल एकदम सुरू झाले. लोक नाचायला लागले. मी त्या आवाजातून, खांदे मारत, तिच्या मागे गेले.

ती मामांच्या दुकानात होती. आतल्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. मामांनी मला विचारलं, मी सगळं सांगितलं. बंडूभाऊ, पुतणी, पाहुणे. मला वाटलं मामा त्यांना शिव्या घालतील. त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"त्यायले ऐकू येत नाही, ते मले मालूम हाय," मामा म्हणाले. "तुले तं येते ना? घरात पोट्टी महिनाभर एकच गोष्ट सांगून राह्यली. तू काय ऐकली?"

मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. मामांनी रडू दिलं.

समीक्षा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ऐकणाऱ्या माणसाशी अबोला धरायचा तर ओठ आवळावे लागतात. तिला फक्त माझ्याकडे बघायचं नाही एवढंच करावं लागलं. मी हात हलवत राहायची आणि ती भाकरीकडे बघून जेवायची. त्या आठ दिवसांत मला कळलं, ऐकून न घेणं कसं असतं. तिला ते रोजच भोगावं लागत होतं.

शाल आणि सन्मानचिन्ह कुणीतरी घरी आणून दिलं होतं. सोबत मोठा केलेला फोटो. नवव्या दिवशी सकाळी दहाला, ड्युटीच्या आधी, खाकी गणवेशातच मी बंडूभाऊंच्या दुकानात गेले आणि ते सगळं काउंटरवर ठेवलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मला ती हवीच होती.

"हे परत घ्या," मी म्हटलं.

"काऊन ताई? काही चुकलं का?"

"तुमच्या पथकात सगळ्यात चांगली वाजवनारी पोरगी तुम्ही खुर्चीवर बसवली. अन् वरून शाल टाकली. इतकं चांगलं वाजवते म्हनून शाल देता, तं वाजवू काऊन देत नाही?"

"ताई, तुम्ही चांगल्या कामात खोट काढून राह्यल्या. आम्ही तिचं नाव केलं गावात."

"तिले नाव नव्हतं पाह्यजे. जागा पाह्यजे होती. दुसऱ्या रांगेतली, कडेची."

एक गिऱ्हाईक म्हणालं, "जाऊ द्या ना बाई, लेकराचं कौतुकच केलं त्यायनं." बंडूभाऊ हळहळल्यासारखे मान हलवत राहिले. त्यांना खरंच दुखावल्यासारखं वाटत होतं. त्यांनी माफी मागितली नाही. आपण काय केलं ते त्यांना कळलंच नाही, आणि मला वाटतं आजही कळलेलं नाही. चौकात त्या सत्काराचा फ्लेक्स लागला होता. समीक्षाचा चेहरा पेल्याएवढा, बंडूभाऊंचा परातीएवढा. खाली लिहिलं होतं, 'दिव्यांग कन्येचा गौरव'. तो उतरवा म्हणून मी तीनदा सांगितलं. दिवाळीच्या शुभेच्छांचा आला तेव्हाच उतरला.

आपल्याकडे शाल टाकायची फार घाई असते. कुणाला काही द्यायचं नसलं की आपण सत्कार करतो. माझ्या गाडीत रोज कितीतरी माणसं चढतात ज्यांना फक्त बसायला जागा हवी असते. त्यांच्यातल्या कुणाच्या गळ्यात हार घालून मी त्याला फुटबोर्डवर उभं केलं तर लोक मला वेड्यात काढतील. चौकात तेच झालं, तर टाळ्या पडल्या.

ड्युटी संपवून मी घरी आले तेव्हा समीक्षा दारात उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं. नऊ दिवसांनी तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हातांनी सावकाश विचारलं, यापुढे जे असेल तेच सांगशील? गोड करून नाही?

मी म्हटलं, जे असेल तेच.

पूजा त्या दिवाळीत घरी आली होती. समीक्षासमोर बसली आणि रडत रडत, चुकीच्या खुणा करत, माफी मागितली. समीक्षानं तिच्या खुणा दुरुस्त केल्या आणि तिला फराळाचं ताट दिलं. आता पूजा मलकापूरला नोकरीला आहे. दोघींचं मोबाइलवर रोज चालू असतं. माफ करायला माझ्या लेकीला एक संध्याकाळ पुरली. मला नाही जमलं. ती जमिनीकडे पाहणारी मान मला अजून दिसते, आणि तिच्याशेजारी स्टेजखाली उभी असलेली मी दिसते.

समीक्षा आता अठराची आहे. बारावी झाली. मामांची बोटं थरथरतात, म्हणून ढोल ताणायचं, जुळवायचं काम तीच करते. मेहकरकडून, मलकापूरकडून ढोल येतात. पायरीवर एक पाटी लावली आहे, तिच्याच अक्षरात: 'समोर येऊन बोला.'

या वर्षी श्रावणात त्याच मंडळाचे दोन जण दुकानात आले. नवे कार्यकर्ते, अदबीनं बोलणारे. मी तिथेच होते. "ताई, औंदा समीक्षाले पह्यल्या रांगेत मधात घ्यायचं ठरवलं. समोर बोर्ड धरू, का ऐकू येत नसूनही वाजवते म्हनून. चॅनेलवाले येनार हाय."

मी तिला जसंच्या तसं सांगितलं. बोर्डासकट. चॅनेलसकट.

तिनं हातातली दोरी सोडली नाही. एका हातानंच उत्तर दिलं. माझ्या जिभेवर आधी मऊ शब्द आले: विचार करून सांगते, तब्येत बरी नाही, पुढच्या वर्षी बघू. तिनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. दोरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तेच परत सांगितलं, अगदी स्पष्ट.

मी मोठ्यानं म्हटलं, "ती म्हनते, वाजवाले बोलावत असान तं येते. दाखवाले बोलावत असान तं येत नाही. बोर्ड नाही, माईक नाही, शाल नाही. दुसरी रांग, कडेची जागा. जमत असन तं सांगा."

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. "बोर्ड नाही तं मंग..." एक म्हणाला आणि थांबला. "बंडूभाऊले इचारून सांगतो." ते गेले. अजून आलेले नाहीत. येतील असं वाटत नाही.

काल मेहकरकडच्या एका खेड्यातून फोन आला. पुंजाजी म्हणून आहेत, तिथल्या गणपतीचं बघतात. त्यांच्या गावचे सहा ढोल समीक्षानं मागच्या महिन्यात जुळवून दिले होते, तेव्हा दुकानात बसून त्यांनी तिचं वाजवणं पाहिलं होतं. हातवारे करून अर्धा तास तिच्याशी गप्पाही मारल्या होत्या. म्हणाले, "बाई, आमच्या रांगेत एक जन कमी हाय. पोट्टीले पाठवता का विसर्जनाले? चांगली वाजवते."

मी वाट पाहिली. आता विचारतील, हॉर्न ऐकू येईल का, जबाबदारी कुणाची, चुकली तर काय. माझा राग आधीच बाह्या सरसावून उभा होता.

"एक इचारू का?" पुंजाजी म्हणाले.

"इचारा."

"आमच्याकडे सैपाक जरा झणझणीत राह्यते. तिले तिखट चालते ना?"

समीक्षा समोरून माझ्या ओठांकडे बघत होती. मी तिला विचारलं, तिनं मान डोलावली.

"चालते," मी म्हणाले.